हॅनकॉक टॉवरच्या खिडक्या: काच चांगली होती, कड फसली

बॉस्टनचा जॉन हॅनकॉक टॉवर हा काचेच्या धंद्यातल्या प्रत्येकाने एकदा तरी नीट समजून घ्यावा असं मला मनापासून वाटतं. खिडकीची काच बनते कशी, तिच्यावर काय काय प्रक्रिया होतात आणि शेवटी ती मार खाते कुठे, हे सगळं या एकाच बिल्डिंगमध्ये बघायला मिळतं. आमच्या फसाडच्या, म्हणजे बिल्डिंगच्या बाहेरच्या काचेच्या आवरणाच्या, कामात नवीन मुलं आली की मी हीच केस सांगतो, तीच इथे सविस्तर लिहितोय.

६० मजले, ७९० फूट म्हणजे साधारण २४१ मीटर उंची. आर्किटेक्ट आय. एम. पेई यांच्या ऑफिसचं काम, डिझाइन हेन्री कॉब यांचं. शेजारी ट्रिनिटी चर्च, १८७७ सालचं, दगडी आणि बॉस्टनकरांचं फार लाडकं. त्याच्या बाजूला एवढं धूड उभं करायचं तर ते डोळ्यात खुपू नये म्हणून कॉब यांनी ठरवलं की संपूर्ण बाह्यभाग आरशासारख्या काचेचा करायचा, म्हणजे त्यात आकाश आणि चर्च दिसेल आणि टॉवर स्वतः मागे राहील. कल्पना खरोखर सुंदर आहे, आजही फोटो बघितला तर पटतं. पण त्यासाठी काचेला फ्रेमच्या बारीक पट्ट्यांत तोडून चालणार नव्हतं, मोठे मोठे पॅनल हवे होते. म्हणून एकेक काच साडेचार फूट रुंद आणि साडेअकरा फूट उंच, वजन ५०० पौंड म्हणजे सव्वादोनशे किलोच्या आसपास, आणि अशा एकूण १०,३४४.

काम १९६८ मध्ये सुरू झालं, १९७१ मध्ये उघडायचं ठरलं होतं. काचा बसवायचं काम चालू असताना २० जानेवारी १९७३ ला जोराचं वादळ आलं आणि काचा निखळायला लागल्या. वरून पडणारी काच खालच्या काचांना धडकायची, मग त्याही जायच्या. किमान ६५ काचा गेल्या. नंतरही फुटणं थांबलं नाही. जिथे काच गेली तिथे प्लायवूडचे तक्ते ठोकायचे असं करत करत एक वेळ अशी आली की एकरभराहून जास्त प्लायवूड त्या टॉवरवर चढलं आणि लोक त्याला प्लायवूड पॅलेस म्हणायला लागले. वाऱ्याचा वेग ताशी ४५ मैलांवर गेला की पोलीस आजूबाजूचे रस्ते बंद करायचे. एवढ्या सगळ्यात कोणाचा जीव गेला नाही ही फार मोठी गोष्ट, सव्वादोनशे किलोची काच शेकडो फुटांवरून फुटपाथवर येतेय याचा नुसता विचार करा.

आता ही काच नक्की होती काय, ते बघू, कारण खरी केस तिथेच आहे.

मुळात खिडकीची सपाट काच आज जवळजवळ सगळीच फ्लोट पद्धतीने बनते. वाळू, सोडा ॲश, चुनखडी, डोलोमाइट आणि त्यात थोडी फुटकी काच, हा माल भट्टीत जातो, तिथे तापमान १५०० अंशांच्या वर असतं. तयार काचेत साधारण ७२ टक्के सिलिका असते. ही वितळलेली काच मग वितळलेल्या कथलाच्या लांबलचक हौदावर सोडतात. कथील काचेपेक्षा जवळपास तिप्पट जड, म्हणून पाण्यावर तेलाचा तवंग पसरावा तशी काच वर तरंगते आणि पसरते, खालची बाजू कथलाच्या सपाट पृष्ठभागामुळे सपाट होते आणि वरची बाजू गुरुत्वाकर्षणाने आपोआप. घासायची गरज नाही, पॉलिशची गरज नाही. हौदावर येताना काच १००० ते ११०० अंशांवर असते, दुसऱ्या टोकाला ६०० च्या आसपास येते, तोपर्यंत ती रोलरवर उचलता येईल इतकी घट्ट झालेली असते. कथील निवडलं त्याचं कारणही समजून घेण्यासारखं आहे, ते २३२ अंशांनाच वितळतं आणि उकळायला मात्र अडीच हजारांच्या वर तापमान लागतं, म्हणजे काचेला जो तापमानाचा पट्टा हवा त्यात ते पूर्ण वेळ शांत द्रव राहतं. फक्त हवेतला ऑक्सिजन लागला तर त्यावर ऑक्साइडची साय धरते, म्हणून हौदाच्या वर नायट्रोजन आणि थोडा हायड्रोजन भरून ठेवतात.

काच मोकळी सोडली तर ती स्वतःहून ६-७ मिमी जाडीला येऊन थांबते. पातळ हवी असेल तर कडांना दातेरी चाकं लावून ओढतात, जाड हवी असेल तर बाजूने अडवून धरतात. मग ती पट्टी शेकडो फूट लांबीच्या थंड करायच्या बोगद्यातून हळूहळू जाते, या हळूहळू थंड करण्याला ॲनीलिंग म्हणतात आणि म्हणूनच साध्या काचेला आमच्याकडे ॲनील्ड म्हणतात. घाईने थंड केली तर आत ताण राहतो आणि पुढे कटिंग टेबलवर ती सरळ कापलीच जात नाही. एक गोष्ट बऱ्याच जणांना माहीत नसते, फ्लोट काचेच्या दोन बाजू वेगळ्या असतात, ज्या बाजूने ती कथलावर होती तिथे कथलाचा अगदी सूक्ष्म अंश राहतो आणि अंधारात अल्ट्राव्हायोलेट दिवा धरला की ती बाजू दुधाळ चमकते. प्रोसेसिंगच्या कारखान्यात हा छोटा दिवा असतोच, कारण कोटिंग किंवा प्रिंटिंग कुठल्या बाजूला करायचं ते त्याच्यावर ठरतं.

ही पद्धत ॲलस्टर पिल्किंग्टन यांनी इंग्लंडमध्ये सेंट हेलेन्सला विकसित केली आणि १९५९ मध्ये जाहीर केली. त्याआधी मुख्यतः दोन रस्ते होते. एक तर भट्टीतून काच सरळ वर ओढायची, ती स्वस्त पण तिच्यात लाटा यायच्या, जुन्या वाड्यांच्या आणि चाळींच्या खिडक्यांतून बाहेरचं झाड डोलतंय असं वाटतं ते त्यामुळेच. नाहीतर रोलरखाली जाड पाट काढून दोन्ही बाजूंनी घासून पॉलिश करायचा, ती प्लेट ग्लास, सुरेख पण महाग. फ्लोट आली तशी मोठी, सपाट, स्वस्त काच मिळायला लागली आणि आर्किटेक्ट मंडळींना अख्खी बिल्डिंग काचेने मढवायची हिंमत झाली. आपल्याकडे रायगडच्या तळोज्यात फ्लोट लाइन आली ती नव्वदच्या दशकात, त्यानंतर मुंबईत काचेच्या बिल्डिंगा कशा भराभर उभ्या राहिल्या ते आपण सगळ्यांनी पाहिलंय.

पण हॅनकॉकच्या खिडकीत एकच काच नव्हती. ती डबल होती, आजच्या भाषेत डीजीयू, म्हणजे डबल ग्लेझ्ड युनिट. दोन काचा, मध्ये हवेची बंद पोकळी, चारही कडांना धातूची पट्टी म्हणजे स्पेसर. बंद हवा उष्णता लवकर जाऊ देत नाही हा त्यातला मुद्दा. ६ मिमीची एकेरी काच दर चौरस मीटरला, आत-बाहेर एका अंशाचा फरक असेल तर ५.७ वॉटच्या आसपास उष्णता जाऊ देते, दोन काचा आणि मध्ये १२ मिमी हवा घेतली की आकडा २.८ च्या जवळ येतो, म्हणजे थेट निम्मा. बॉस्टनची थंडी बघता ही निवड अगदी योग्य होती. आणि आरशाचा परिणाम यावा म्हणून बाहेरच्या काचेच्या आतल्या बाजूला, म्हणजे पोकळीच्या बाजूला, क्रोमचा पातळ परावर्तक थर दिला होता. थर आत ठेवण्यामागचं लॉजिकही बरोबर होतं, बाहेर ठेवला असता तर पाऊस, धूळ आणि धुणाऱ्यांच्या ब्रशने तो ओरखडला असता.

राहता राहिली कड. दोन काचा आणि स्पेसर एकमेकांना जोडायचे कशाने? त्या काळच्या या पद्धतीत काचेच्या कडेला शिशाचा डाख द्यायचे, म्हणजे धातूनेच काच आणि पट्टी एकजीव करायची. त्याचा फायदा उघड होता, धातूतून ओलावा आत जाऊ शकत नाही, सील वर्षानुवर्षं टिकतं. लहान खिडक्यांत ही पद्धत कित्येक वर्षं चालली होती आणि लोक तिच्यावर खूश होते. हॅनकॉकमध्ये हाच डाख त्या क्रोमच्या थरावर बसला. थर काचेला घट्ट धरून होता आणि डाख थराला घट्ट धरून होता, कुठेही हलायला जागा नाही.

काचा पडायला लागल्यावर अर्थातच सगळ्यांनी आधी वाऱ्याकडे बोट दाखवलं. एमआयटीच्या विंड टनेलमध्ये फ्रँक डर्गिन यांच्या देखरेखीखाली अख्ख्या बॅक बे भागाचं मॉडेल करून चाचण्या झाल्या. त्यातून काचेचं उत्तर मिळालं नाही पण दुसरंच काही हाती आलं, टॉवर वाऱ्यात झुलतो आणि पिळवटतोही. त्यासाठी ५८ व्या मजल्यावर ३०० टनांची दोन वजनं बसवली, तेलाच्या थरावर सरकणारी, जी बिल्डिंगच्या उलट दिशेने सरकून हेलकावा मारतात, हे काम इंजिनिअर विल्यम लमेझुरिए यांचं. नंतर स्विस इंजिनिअर ब्रूनो थुर्लिमान यांनी दाखवून दिलं की विशिष्ट वाऱ्यात टॉवर त्याच्या अरुंद दिशेने नव्हे तर लांब दिशेने आडवा पडू शकतो, जी दिशा सगळे मजबूत समजत होते तीच, मग आत १५०० टन स्टीलच्या तिरक्या कैच्या घातल्या. हे दोन्ही विषय स्वतंत्र लेखाचे आहेत, इथे एवढंच महत्त्वाचं की काचांशी त्यांचा संबंध नव्हता. पाया खणताना आजूबाजूची जमीन सरकली होती आणि ट्रिनिटी चर्चला तडे गेले होते, तेव्हा खचण्यामुळे काचा फुटतात असंही बोललं गेलं. तेही कारण नव्हतं.

कारण सापडलं ते काचेच्या कडेला, अगदी डाखाच्या रेषेपाशी.

नेमकं काय होत होतं ते जरा सावकाश बघू. काचेचं प्रसरण एका मीटरला एका अंशामागे ०.००९ मिमी. हॅनकॉकची काच साडेतीन मीटर उंच. उन्हात परावर्तक थरामुळे बाहेरची काच तापते, आतली एसीच्या बाजूला थंड, फरक २० अंशांचा धरला तरी बाहेरची काच आतलीपेक्षा ०.६ मिमीने लांब होते. मध्यापासून मोजलं तर वरच्या टोकाला ०.३ आणि खालच्या टोकाला ०.३. हिवाळ्यात बरोबर उलटं, बाहेरची काच आखडते आणि आतली लांब राहते. म्हणजे कडेचा जोड वर्षभर कधी या बाजूला कधी त्या बाजूला कातरला जातोय. आकडा ऐकायला किरकोळ वाटतो, पण जोड जर लवचिकच नसेल तर ०.३ मिमी ही फार मोठी गोष्ट आहे.

त्यात मधली हवा बंद. २० अंशांवर सील केलेली हवा ५० अंशांना गेली की तिला दहा टक्के जास्त जागा हवी असते, ती जागा ती दोन्ही काचांना बाहेर फुगवून करून घेते. थंडीत तीच हवा आकसते आणि काचा आत खेचल्या जातात. काच मध्ये फुगली किंवा दबली की कडेला ती किंचित वळते, दार बिजागरीवर वळतं त्या प्रकारे, आणि ते वळणं पुन्हा त्याच जोडावर येतं. वर वारा आहेच, दर झोताला काच आत-बाहेर. शिवाय शिसं स्वतः काचेच्या तिप्पट प्रसरण पावतं, म्हणजे जोडाचा माल आणि काच हे एकमेकांशीही भांडताहेत.

असा मार हजारो वेळा बसला की धातू थकतो. साधारण जोडात काय होतं, आधी जोड सुटतो, ओलावा आत जातो, काच धुरकट होते आणि आपण ती बदलतो. हॅनकॉकमध्ये डाख थराला आणि थर काचेला इतका पक्का चिकटला होता की जोड सुटलाच नाही. डाखात पडलेला बारीक तडा थेट काचेत शिरला. काचेचा स्वभाव असा की पृष्ठभागावर एकदा बारीक तडा आला की ताणाखाली तो वाढत जातो, स्टील जसं थोडं वाकून सांभाळून घेतं तसं काच घेत नाही. मग बाहेरची काच, जिला हा थर होता, ती कडेपासून कमजोर होत गेली आणि वाऱ्याने शेवटचा धक्का दिला. म्हणून लोकांना वाटलं वाऱ्याने पडली.

मला या केसमध्ये सगळ्यात जास्त भिडतं ते हेच. काच चांगल्या दर्जाची होती, कोटिंग चांगलं होतं, डबल ग्लास ही निवड बरोबर होती, आणि जोड तर गरजेपेक्षा जास्त चांगला होता. प्रत्येक गोष्ट वेगळी तपासली असती तर पास झाली असती. चारही एकत्र, त्या साइजमध्ये आणि त्या हवामानात, कधी वापरून बघितलेलीच नव्हती.

ऑक्टोबर १९७३ मध्ये पेई यांच्या ऑफिसने जाहीर केलं की सगळ्याच्या सगळ्या १०,३४४ काचा बदलणार, खर्चाचा अंदाज ५० ते ७० लाख डॉलर. जुन्यांपैकी साधारण ५,००० काचा अखंड निघाल्या. प्रकरण कोर्टात गेलं, तडजोड झाली आणि तडजोडीत सगळ्यांनी गप्प बसायचं कबूल केलं, त्यामुळे खरं तांत्रिक कारण सामान्य लोकांपर्यंत पोचायला फार उशीर झाला. बॉस्टन ग्लोबचे वास्तुसमीक्षक रॉबर्ट कॅम्पबेल यांनी १९९५ मध्ये ते सविस्तर लिहिलं. मधली वीसेक वर्षं जगभरचे लोक वारा आणि झुलणं हेच कारण सांगत राहिले, अजूनही काही जण सांगतात. हे मला खरंच चुकीचं वाटतं, कारण जी चूक कुणी बोलतच नाही ती दुसऱ्या शहरात दुसरा कोणीतरी परत करतो.

बदलून बसवली ती एकेरी, हीट ट्रीटमेंट दिलेली काच. आता ही काय भानगड आहे ते सांगतो कारण आपल्याकडे टफन हा शब्द सर्रास वापरतात आणि त्यात दोन वेगळ्या काचा एकत्र करतात.

टफन करायची काच आधी मापात कापायची, कडा घासायच्या, भोकं पाडायची, सगळं आधी, कारण नंतर तिला हात लावता येत नाही. मग भट्टीत सिरॅमिक रोलरवर पुढेमागे हलवत ६२० ते ६५० अंशांपर्यंत तापवायची, ढोबळ हिशोब दर मिलीमीटर जाडीला ४० सेकंद, म्हणजे ६ मिमी काच चार मिनिटं. बाहेर आली की दोन्ही बाजूंनी हवेचे जोरदार झोत. बाहेरचा थर झटक्यात गोठतो, आतला भाग नंतर थंड होऊन आकसायला बघतो पण बाहेरचा थर त्याला येऊ देत नाही, त्यामुळे पृष्ठभाग कायमचा दाबाखाली आणि गाभा ताणाखाली राहतो. काचेला तोडायचं म्हणजे आधी हा दाब संपवावा लागतो, म्हणून ती साध्या काचेच्या चार-पाच पट मजबूत. पृष्ठभागावरचा दाब ६९ मेगापास्कलच्या वर असला तर ती पूर्ण टफन. झोत हळू ठेवले तर दाब २४ ते ५२ च्या मध्ये येतो, ती हीट स्ट्रेंग्थन्ड, साधारण दुप्पट मजबूत. फरक फुटल्यावर दिसतो, टफन काच बारीक दाण्यांत कोसळते, हीट स्ट्रेंग्थन्ड मोठ्या तुकड्यांत तडकते आणि बऱ्याचदा फ्रेममध्येच अडकून राहते. उंच बिल्डिंगसाठी मी दुसरीच्या बाजूचा आहे, तीही लॅमिनेटेड करून, म्हणजे दोन काचांमध्ये पीव्हीबी या प्लॅस्टिकची फिल्म घालून ऑटोक्लेव्हमध्ये, म्हणजे बंद दाबाच्या भट्टीत, साधारण १४० अंश आणि १२-१४ बार दाबाखाली चिकटवलेली, फुटली तरी फिल्मला धरून राहते, खालून चालणाऱ्या माणसाच्या डोक्यावर येत नाही.

टफनची एक दुखरी बाजू आहे. वितळताना निकेल सल्फाइडचा डोळ्याला न दिसणारा कण कधीकधी काचेत राहतो. गरम असताना तो एका रूपात असतो, ३७९ अंशांखाली त्याला दुसऱ्या रूपात जायचं असतं पण टफनिंगमध्ये काच इतक्या झटक्यात थंड होते की त्याला वेळच मिळत नाही. मग तो बदल भिंतीवर बसल्यावर महिन्यांनी किंवा वर्षांनी होतो, कण दोन ते चार टक्के फुगतो, आणि ताणाखालच्या गाभ्यात असेल तर अख्खी काच कोणी हात न लावता फुटते. यावर उपाय हीट सोक टेस्ट, टफन झालेली काच परत ओव्हनमध्ये २६० ते २९० अंशांपर्यंत तापवून ठेवायची, ज्या फुटायच्या त्या कारखान्यातच फुटतात. पैसे वाचवायला ही टेस्ट गाळतात हे मी बघतो तेव्हा वाईट वाटतं.

एकेरी काचेने हॅनकॉकचा पडण्याचा प्रश्न सुटला, पण इन्सुलेशन निम्म्यावर आलं, कारण मधली हवाच गेली. थंड शहरात साठ मजल्यांच्या टॉवरला हे कायमचं बिल आहे. टॉवर अखेर १९७६ मध्ये उघडला, साडेसात कोटी डॉलरचा प्रकल्प साडेसतरा कोटींवर गेला होता. दिसायला तो आजही अप्रतिम आहे, आणि २०१५ पासून त्याचं नाव २०० क्लॅरेंडन असं झालंय.

आता आपल्याकडे काय. आजच्या डीजीयूमध्ये शिशाचा डाख नसतो. ॲल्युमिनियमचा किंवा प्लॅस्टिक मिश्रणाचा पोकळ स्पेसर असतो, त्यात ओलावा शोषणारे मॉलिक्युलर सीव्हचे दाणे भरतात, स्पेसर आणि काचेमध्ये ब्युटिल रबराची काळी चिकट रेघ देतात आणि त्याच्या बाहेरून पॉलिसल्फाइड किंवा सिलिकॉन भरतात. ब्युटिल ओलावा अडवतं, बाहेरचं सील दोन काचांना एकत्र धरतं आणि मुख्य म्हणजे दोन्ही ताणली जातात आणि परत येतात. तो ०.३ मिमी आता सीलमध्ये जिरतो. कोटिंगचंही तसंच. चांदीच्या थराचं सॉफ्ट कोट लो-ई, म्हणजे उष्णता परत फिरवणारं नाजूक कोटिंग, असेल तर कडेने १०-१२ मिमी पट्टी मशीनवर घासून कोटिंग काढून टाकतात आणि मग नागव्या काचेवर सील देतात, कारण चांदी कडेकडून गंजत आत जाते आणि सील कोटिंगला न धरता काचेला धरायला हवं. ही एज डिलीशन नीट झालीय का हे डीजीयू हातात घेऊन तिरक्या उजेडात बघितलं की लगेच कळतं, कडेला काळ्या सीलच्या खाली थराचा रंग संपलेला दिसतो.

आमच्याकडे येणारे क्लायंट विचारतात कंपनी कुठली, जाडी किती, ६-१२-६ (काच-पोकळी-काच, मिमीमध्ये) आहे का ५-१२-५, टिंट निळी की ग्रे. सील कुठलं हे विचारणारा विरळाच. खरं तर डीजीयू जाते ती नव्वद टक्के वेळा तिथूनच जाते असं माझं इतक्या वर्षांचं बघणं आहे, काच फुटून क्वचित, सील सुटून आत पाणी धरून जास्त. कोकणात आणि मुंबईच्या किनाऱ्याला तर चार महिने हवेत ओलावाच ओलावा, त्यात फ्रेमच्या खालच्या पट्टीला पाणी जायची भोकं नसली तर डीजीयूची खालची कड पाण्यात बसून राहते आणि पॉलिसल्फाइड कितीही चांगलं असलं तरी ते असं भिजत ठेवायला बनवलेलं नाही.

आणि घाट चढताना एक वेगळीच गंमत होते जी हॅनकॉकच्या फुगण्या-दबण्याशी थेट जोडलेली आहे. समुद्रसपाटीला सील केलेली डीजीयू महाबळेश्वरला नेली, उंची १,३०० मीटरच्या वर, तर तिथे हवेचा दाब साधारण १५ टक्के कमी. आतली हवा समुद्रसपाटीच्या दाबाची, बाहेरची हवा पातळ, काचा कायमच्या फुगलेल्या राहतात, प्रतिबिंब वाकडं दिसतं आणि सील बसवल्या दिवसापासून ताणाखाली. लहान आणि जाड काचेची डीजीयू असेल तर आणखी वाईट, कारण मोठी काच थोडी फुगून दाब सोडते, लहान काच वाकत नाही आणि सगळा जोर कडेवर जातो. अशा साइटसाठी ऑर्डर देतानाच उंची सांगायची, स्पेसरमध्ये बारीक नळी ठेवून घ्यायची, माल वर पोचून एक-दोन दिवस दाब जुळू द्यायचा आणि मग नळीचं तोंड चिमटून सीलंटने बंद करायचं. आत आर्गन भरला असेल तर नळी उघडी ठेवता येत नाही, गॅस निघून जातो, तेव्हा अशा ठिकाणी साधी हवा आणि चांगलं लो-ई कोटिंग घेतलेलं बरं.

पर्चेस ऑर्डरमध्ये मी आता चार ओळी जास्त घालतो. प्रायमरी, म्हणजे आतलं, सील ब्युटिल आणि त्याची रेघ चारही कोपऱ्यांत अखंड. सेकंडरी, म्हणजे बाहेरचं, सील कुठलं ते नावानिशी, आणि काच फ्रेमबाहेर सिलिकॉनवर चिकटवायची असेल तर सेकंडरीही सिलिकॉनच, कारण पॉलिसल्फाइड उन्हातल्या अल्ट्राव्हायोलेटला टिकत नाही. सॉफ्ट कोट असेल तर एज डिलीशन केलेलं, त्याचा एक नमुना कापून दाखवायचा. टफन असेल तर हीट सोकचा बॅच रिपोर्ट मालाबरोबर. व्हेंडर सुरुवातीला कुरकुरतात, भाव थोडा वाढवतात. पण साइटवर माल आला की मी पहिल्यांदा कोपराच बघतो, कोपऱ्यात ब्युटिल तुटलेलं दिसलं तर ती पेटी उतरवून न घेता परत पाठवायची.